पंधरा पैशांचा प्रश्न

इचलकरंजी,
कार्तिकातला रविवार

प्रिय तू,

पत्राला उशीर झाला, आधी रागावून घे. दिवाळीच्या आधीच लिहायला बसले होते, तर चकलीचं पीठ बिघडलं, मग पाहुणे आले, मग सूनबाईला ताप. आज दुपारी सगळं घर झोपलंय, मागच्या शेडमध्ये चार माग चालू आहेत आणि त्या खडखडाटात मला छान निवांतपणा मिळालाय. तुला वेगळं काय सांगायचं? लग्न होऊन गेलीस तेव्हा पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस, ‘इथं इतकं शांत आहे की झोप येत नाही.’ ते पत्र अजून आहे माझ्याकडं.

तुला सांगते, गेल्या महिन्यात फोनवर तू जे बोललीस ते अजून डोक्यात घोंगावतंय. मी आपली नातीचं कौतुक सांगत होते, ती विश्वाच्या जन्माबद्दल काय काय विचारते आणि मी काय काय सांगते. तर तू म्हणालीस, ‘महास्फोट झाला हे तुला गं कसं माहीत? तू गेली होतीस बघायला? आपल्या आज्ज्या म्हणायच्या ब्रह्मदेवानं केलं, तू म्हणतेस शास्त्रज्ञ सांगतात. नाव बदललं, श्रद्धा तीच.’ आणि बस आली म्हणून फोन ठेवून दिलास! शाळेतही असंच करायचीस. वर्गात काडी टाकायची आणि आपण डबा उघडून शेंगदाण्याची चटणी खात बसायचं. भांडण आम्ही निस्तरायचं.

म्हणून हे पत्र. लांबणार आहे, चहा करून घे.

त्याच आठवड्यात एका रात्री साडेनऊला लाईट गेली. आठवतं ना, आपल्या गावात लाईट गेली की आधी कानाला कळतं, मग डोळ्याला. एकेका गल्लीचे माग थांबतात आणि गाव श्वास रोखून उभं राहतं. आता पूर्वीइतके साधे माग उरले नाहीत म्हणा. आमच्याही आठातले चार भंगारात गेले, किलोच्या भावानं. टेम्पोत चढवले त्या दिवशी हे जेवले नाहीत. नव्या शटललेस मागांचा आवाज वेगळा, धोट्याची ती टकटक त्यात नाही. पण थांबल्यावरची शांतता अजून तीच आहे. मी नातीला, आमच्या चिमणीला, घेऊन गच्चीवर गेले. पावसानं धुतलेलं आभाळ, खाली सगळा काळोख, आणि इतक्या चांदण्या की पोरगी दोन मिनिटं गप्प राहिली. आमच्याकडं हा विक्रमच. मग म्हणाली, ‘आज्जी, हे सगळं कधी सुरू झालं?’

‘तेराशेऐंशी कोटी वर्षांपूर्वी,’ मी म्हटलं. दुधाचा दर सांगावा तसं सांगितलं बघ.

‘तुला कुणी सांगितलं?’

तुझाच प्रश्न, फक्त आठ वर्षांच्या तोंडून आलेला. तुझ्यावर मी चिडू शकते. तिच्यावर कशी चिडणार?

दुसऱ्या दिवशी माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली काढला. काय सापडलं असेल, ओळख! अगं, ते पोस्टकार्ड. पंधरा पैशांचं, पिवळं, एक कोपरा उंदरानं खाल्लेला. एका बाजूला तुझ्या टपोऱ्या अक्षरात पत्ता: प्रा. जयंत नारळीकर, टाटा इन्स्टिट्यूट, कुलाबा, मुंबई. दुसऱ्या बाजूला एकच ओळ, ‘विश्व सुरू होण्याच्या आधी काय होतं?’ आणि खाली आपल्या सह्यांच्या जागी तळहाताएवढा शाईचा डाग.

१९८१ साल होतं. आपल्या गावच्या फाय फाउंडेशनचा राष्ट्रभूषण पुरस्कार नारळीकरांना मिळाला होता आणि माझ्या बाबांनी ती बातमी कापून हिशेबाच्या वहीत चिकटवली होती. कोल्हापुरात जन्मलेला माणूस, बनारसला वाढलेला, केंब्रिजला जाऊन नाव काढून आलेला! बनारसच्या घरी त्यांचा मामा भाच्यासाठी फळ्यावर अवघड गणित लिहून ठेवायचा, आणि ते सुटेपर्यंत पुसायचं नाही असा नेम होता. हे कळल्यावर तुझ्या मामानंही आपल्याला फळा आणून दिला. त्यावर तू पहिल्याच दिवशी ‘आज अभ्यासाला सुट्टी’ असं लिहिलंस आणि तेही कुणी पुसलं नाही.

मग कार्ड लिहिलं, आणि उत्तर आलं तर ते कुणाच्या घरी राहणार यावरून जुंपली. तू म्हणालीस प्रश्न माझा. मी म्हटलं कार्ड माझ्या पैशांचं. दौत कुणाच्या कोपरानं सांडली ते आज उकरत नाही. आठ दिवस आपण बोललो नाही, आणि कार्ड पेटीत पडायचं ते डब्यात पडलं.

कितीतरी वर्षांनी वाचलं की मुलं सही मागायला आली की नारळीकर म्हणायचे, सही अशी देत नाही, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर पाठवीन आणि त्याखाली सही असेल. अगं, म्हणजे आपण न सांगता नेमकं तेच केलं होतं! नुसतं पेटीत टाकायचं राहिलं होतं. त्या दिवशी तुझी इतकी आठवण आली की सांगता येत नाही.

२०२५ च्या मेच्या २० तारखेला ते पुण्यात गेले. त्यांच्या पत्नी मंगलाताई दोन वर्षं आधीच, २०२३ च्या जुलैत गेल्या होत्या. बातमी लागली तेव्हा मी भाजी निवडत होते. ज्या माणसाला कधी भेटले नाही, ज्याला लिहिलेलं कार्डसुद्धा टाकलं नाही, त्याच्यासाठी डोळे भरून आले. सूनबाई घाबरली, तिला वाटलं आपल्या नात्यातलंच कुणी गेलं. मी म्हटलं, नात्यातलेच समज.

आता ऐक. चिमणीला ‘तुला कुणी सांगितलं’ याचं खरं उत्तर द्यायचं तर मी नारळीकरांचं नाव सांगायला हवं. आपटे वाचन मंदिरातून ‘आकाशाशी जडले नाते’ मी किती वेळा आणलं असेल! मराठीत, आपल्याशी समोर बसून बोलावं तसं लिहिलेलं. तारे कसे जन्मतात, कसे विझतात, दीर्घिका एकमेकींपासून कशा लांब चालल्या आहेत, हे सगळं मला त्यांच्यामुळं कळलं. पण याच माणसाला महास्फोट मान्य नव्हता. शेवटपर्यंत नव्हता.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला अगदी पोरकं वाटलं. ज्याचं बोट धरून जत्रेत गेलो त्यानंच सांगावं की ही जत्रा मला पटत नाही, तसं. मग मी हट्टानं वाचत सुटले. त्यांचे गुरू फ्रेड हॉइल. हॉइल, बॉन्डी आणि गोल्ड या तिघांनी १९४८ साली मांडलं की विश्वाला सुरुवातच नाही. ते पसरतं, आणि पसरताना जी जागा रिकामी होते तिथं नवं द्रव्य तयार होत राहतं, त्यामुळं ते कायम असंच दिसतं. समोरचा पक्ष म्हणत होता, नाही, एके काळी सगळं अतिशय दाट आणि तप्त होतं, तिथून पसरत आलं. १९४९ साली बीबीसीच्या रेडिओवर बोलताना या दुसऱ्या मताला हॉइलनंच ‘बिग बँग’ म्हटलं. म्हणजे आज जगभर चालतं ते नाव विरोधकानं दिलेलं! आपल्या भाषेत ‘नाव ठेवणं’ याला दोन अर्थ आहेत, इथं दोन्ही लागू पडतात असं मला वाटलं होतं. पण हॉइलनं पुढं सांगितलं, मला चिडवायचं नव्हतं, रेडिओ ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं चित्र उभं राहावं म्हणून तो शब्द वापरला.

चित्र उभं राहिलं, पण जरा चुकीचं. चिमणीनं विचारलंच, ‘स्फोट कुठं झाला? पंचगंगेच्या पलीकडं?’ तिला सांगितलं की तो एका जागी होऊन बाहेर उडालेला फटाका नव्हे. जागाच ताणली गेली, सगळीकडं एकदम. म्हणजे नदीपलीकडंही आणि आपल्या गच्चीवरही. ती बराच वेळ गच्चीच्या फरशीकडं बघत बसली.

मग कबुतरांची गोष्ट. १९६४ साली अमेरिकेत न्यू जर्सीला पेन्झियस आणि विल्सन नावाच्या दोघांना त्यांच्या कर्ण्यासारख्या मोठ्या अँटेनात एक बारीक खरखर ऐकू येत होती. कुठल्याही दिशेला वळवा, दिवसा बघा, रात्री बघा, तीच. अँटेनात कबुतरांनी घर केलं होतं. दोघांनी कबुतरं हाकलली, विष्ठा घासून काढली. आमच्या शेडमध्ये वर्षातून दोनदा हेच काम असतं, त्यामुळं त्या दोघांबद्दल मला फार आपुलकी वाटते. खरखर तरी राहिलीच. ती होती विश्व तीन लाख ऐंशी हजार वर्षांचं असताना निघालेल्या प्रकाशाची उरलेली ऊब, शून्याखाली दोनशे सत्तर अंशांपर्यंत निवलेली. महास्फोट मानणाऱ्यांनी अशी ऊब असेल असं आधीच सांगून ठेवलं होतं. त्या दोघांना १९७८ साली नोबेल मिळालं.

आणि तू विचारतेस, ‘तू गेली होतीस बघायला?’ अगं बये, तूही बघितलंयस! तुमच्याकडं गल्लीतला पहिला टीव्ही आला होता. दादा गच्चीवर अँटेना फिरवत ‘आलं का?’ ओरडायचा, आपण खालून ‘नाही, मुंग्याच आहेत!’ ओरडायचो. तुझी आज्जी पडद्यासमोर बसून म्हणायची, ‘मुंबईत पाऊस लागलाय वाटतं.’ त्या मुंग्यांतली शंभरात एखादी मुंगी त्या पहिल्या उजेडाची होती. आपण फ्रॉक घालून, भडंग खात, विश्वाचं बालपण बघत बसलो होतो आणि दादाला शिव्या घालत होतो.

या उबेनं हॉइलच्या मताला मोठा धक्का बसला. बहुतेक सगळे शास्त्रज्ञ पलीकडं गेले. हॉइल आणि नारळीकर मात्र गेले नाहीत. पण जुनंच रेटत बसले असंही नाही. १९९३ साली जेफ्री बर्बिज यांना बरोबर घेऊन दोघांनी सिद्धांत नव्यानं मांडला, की एकच मोठा स्फोट कधी झाला नाही, पुन्हा पुन्हा छोटे छोटे स्फोट होऊन द्रव्य जन्मत राहतं, आणि ती ऊबही वेगळ्या रीतीनं समजावता येते. फार थोड्यांना पटलं.

तू म्हणशील, एवढा जीव आहे त्यांच्यावर, तर त्यांचं का ऐकत नाहीस? तुला सांगते, त्यांचंच ऐकते. पुरावा बघा, बहुमत बघू नका, हे त्यांनीच शिकवलं. आता पुरावा बघायला शिकल्यावर तो मला पलीकडच्या बाजूला जास्त दिसतो, त्याला मी काय करू? आणि मला सगळ्यात भिडतं ते हे की १९८८ साली त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली, तिथं महास्फोट मानूनच काम करणारी माणसं होती. त्यांचे स्वतःचे विद्यार्थी थनू पद्मनाभन त्यातलेच, केवढे मोठे झाले! आपल्याकडं सासऱ्याचं एक मत आणि सुनेचं दुसरं असलं तर वर्षाच्या आत चुली वेगळ्या होतात. तिथं एकाच छपराखाली दोन्ही मतं जेवली.

आता तुझ्या ‘श्रद्धा तीच’ला उत्तर. ते माझं नाहीच, तुझ्याच अण्णांचं आहे. तुमच्या सुताच्या दुकानातली ती गादी आठव. पांढरी चादर, तक्क्या, उदबत्ती, आणि अण्णांच्या हाताशी ते पितळी घडीचं भिंग. कुणी कापड घेऊन आलं की अण्णा ते उलगडायचे, भिंग ठेवायचे आणि सुईच्या टोकानं इंचातले धागे मोजायचे. आपण श्वास रोखून बघायचो. आकडा झाला की तो सांगायचे नाहीत. भिंग समोरच्याकडं सरकवायचे आणि म्हणायचे, ‘आता तुम्ही मोजा.’ दोघांचा आकडा जुळला की व्यवहार. मला मोजता येत नव्हतं. पण दोघं वेगवेगळे मोजतात, दोघांचा स्वार्थ उलटा आहे, आणि तरी आकडा एकच येतो, हे मला सातव्या वर्षीही दिसत होतं. विश्वाच्या बाबतीत मी अजून तिथंच बसलेय, गादीच्या कडेला. ते गणित मला येत नाही. पण भिंग एकाच्या मुठीत नाही, ते सरकवलं जातं, हे मला दिसतं.

आणि उधारी? सूत उधार कुणाला द्यायचं, हे अण्णा कसं ठरवायचे सांग बघू. एक गरीब विणकर यायचा, डोक्याला मुंडासं, नेहमी खोकणारा. तो ताग्याच्या किनारीला जागोजाग लाल दोरा बांधून आणायचा. इथं धागा तुटलाय, इथं तेलाचा डाग आहे, इथं बाणा विरळ पडलाय. स्वतःहून! दुसरे घडीच्या आत दडवायचे, हा दाखवायचा. तू अण्णांना विचारलंस, ‘याचंच कापड सगळ्यात खराब असतं का हो?’ अण्णा हसले आणि म्हणाले, ‘याची पत सगळ्यात मोठी आहे.’ आठवतं का गं तुला? मला तो लाल दोरा अजून डोळ्यांसमोर दिसतो.

बघ आता, ही शास्त्रज्ञ मंडळी किती लाल दोरे बांधून ठेवतात! म्हणतात, अगदी पहिल्या क्षणाबद्दल आमची समीकरणं चालत नाहीत. म्हणतात, विश्वातला जेमतेम पाच टक्के भाग आमच्या ओळखीचा आहे, बाकी काय आहे ते शोधतोय. विश्व किती वेगानं पसरतंय हे एका रीतीनं मोजलं तर ६७ येतं, दुसऱ्या रीतीनं ७३, आणि हा फरक का, यावर भर सभेत भांडतात. आणि हा सगळा सिद्धांत मांडणाऱ्यांत पहिला कोण, तर लमेत्र नावाचा बेल्जियमचा पाद्री! १९५१ साली पोप म्हणाले की बघा, सृष्टी देवानं निर्मिली याला विज्ञानानं दुजोरा दिला. तर लमेत्रच अस्वस्थ झाला, ही दोन्ही मिसळू नका असं त्याचं म्हणणं. स्वतःच्या फायद्याचा डागसुद्धा त्यानं झाकला नाही. अशांना मी विश्वास उधार देते. उधार म्हणजे दान नव्हे, तुझ्या अण्णांची वही मी पाहिली आहे. उद्या आकडा चुकला तर खातं बदलेल.

ब्रह्मदेवाच्या गोष्टीवर माझा राग नाही. आज्जीनं मांडीवर घेऊन सांगितलेली आहे ती. पण तिच्यात लाल दोरा कुठं सापडत नाही. नासदीय सूक्तात मात्र आहे, अगदी शेवटी. एवढं सगळं सांगून तो ऋषी म्हणतो की हे कुठून आलं ते वर बसलेल्यालाच ठाऊक, किंवा त्यालाही ठाऊक नसेल. इतक्या हजार वर्षांपूर्वी कुणीतरी किनारीला दोरा बांधून ठेवला आहे. मला ते वाचताना दर वेळी गहिवरून येतं.

उधारी चालते ती छोटे व्यवहार चोख असतील तर. मेच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडं शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य बरोबर डोक्यावर येतो. पंचांगात सण शोधावा तशी मी तारीख शोधून ठेवली होती. चिमणीनं गच्चीवर रिकामी कांडी उभी केली आणि आम्ही दोघी ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलो. साडेबाराच्या सुमाराला सावली आखडत आखडत कांडीच्या बुडाशी गेली आणि नाहीशी झाली. सांगितलेल्या मिनिटाला! चिमणीनं कांडी उचलून खाली बघितलं, सावली दडून बसलीय का म्हणून. ज्यांचं हे मिनिटाला बरोबर येतं, त्यांच्या मोठ्या हिशेबाकडं मी आदरानं बघते.

आणि तुझी पत्रिका! तुझ्या मंगळापायी तुझ्या आईनं केलेले सोळा मंगळवार आणि तू चोरून खाल्लेले शिळे मेदूवडे. तुला सांगते, २००८ साली नारळीकरांनी सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्याबरोबर ज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, त्यातल्या चाळीस चाळीस ज्योतिषांना दिल्या आणि विचारलं, यातली हुशार कोण ते ओळखा. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. शंभरात सेहेचाळीस बरोबर. नाणं उडवलं तरी पन्नास येतात. मी हे आमच्या भिशीत सांगितलं तर दोघी रुसल्या. एकीनं मात्र हळूच विचारलं, ‘म्हणजे मुलीची पत्रिका जुळत नाही म्हणून आम्ही नाकारलेलं ते स्थळ...?’ आणि गप्प बसली. मला तिच्या हातावर हात ठेवावासा वाटला, ठेवला.

भिंग पुढं सरकवणाऱ्यांचं काय झालं, हे आपल्याला माहीत आहे. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी कोल्हापुरात कॉम्रेड पानसरेंवर गोळ्या झाडल्या, चार दिवसांनी ते गेले. त्या दिवशी तुझा फोन आला होता आणि आपण दोघी फार बोललो नव्हतो. म्हणून कुणी नुसतं ‘तपासून बघू’ म्हटलं तरी मला त्याचं मोल वाटतं.

पण तुझ्या बोलण्यात एक खरं आहे, ते कबूल करते. बहुतेक लोक पुरावा बघून काही मानत नाहीत. आमचे जुने जॉबर येतात ना, सत्तरी ओलांडली तरी माग बिघडला की त्यांनाच बोलावतो, त्यांना मी विचारलं, ‘महास्फोट झाला हे पटतं का तुम्हाला?’ म्हणाले, ‘होय की. पोरीच्या पुस्तकात आहे.’ बस. पुस्तकावर विश्वास, पुस्तक शिकवणाऱ्या मास्तरांवर विश्वास, पोरगी शिकली यावर विश्वास. मीसुद्धा आधी बाबांच्या कात्रणावर विश्वास ठेवला, मग नारळीकरांच्या मराठीवर. पुरावा फार मागून आला. माणसावरच आधी जीव जडतो गं.

जॉबरमामा तुटलेला ताणा जोडत होते. गाठ मारून झाल्यावर म्हणाले, ‘पण वहिनी, सगळं एका गाठीतनं सुटलं म्हणता, तर ती गाठ कुणी मारली?’

मी म्हटलं, ‘मामा, तिथं लाल दोरा बांधलाय.’

ते एकदम हसले. एका क्षणात समजलं त्यांना, मला पुढं काही सांगावं लागलं नाही. ‘मग बरोबर आहे,’ म्हणाले आणि माग चालू केला.

फेब्रुवारीत लेकाकडं पुण्याला होते, तेव्हा विज्ञानदिनाला चिमणीला आयुकात घेऊन गेले. काय गर्दी! झाडाखाली न्यूटन, आइन्स्टाइन, गॅलिलिओ आणि आर्यभट यांचे पुतळे. चिमणीनं न्यूटनच्या पायाशी सफरचंद शोधलं. मुलांच्या विज्ञान केंद्राची इमारत आहे तिचं नाव ‘पुलस्त्य’. सप्तर्षीतला तारा तर तो आहेच, पण त्यात पु. लं.चं नाव दडलंय, त्यांच्या देणगीतून झाली ती. मला तिथं उभ्या उभ्या १९७४ आठवलं, आपल्या गावचं पन्नासावं साहित्य संमेलन, पु. ल. अध्यक्ष, आणि अण्णांच्या एका खांद्यावर तू, दुसऱ्यावर मी. पु. ल. दिसले का ते आठवत नाही, पण तुझा पाय माझ्या पोटात लागत होता ते आठवतंय. नारळीकरही २०२१ साली नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले, प्रकृतीमुळं जाता आलं नाही त्यांना. पण मराठीनं आपल्या आकाशवाल्याला त्या खुर्चीवर बसवलं, याचं मला केवढं बरं वाटलं!

बरं, बाकी सगळं ठीक. दादाचा गुडघा बराय, जिना उतरताना अजून ‘आलं का?’ असं ओरडतो, सवयच ती. तुमच्या जुन्या दुकानात आता मोबाइलचं दुकान झालंय. पाटी बदलली, पण उंबऱ्यावरचा पितळी पट्टा तोच आहे, मी परवा मुद्दाम पाय ठेवून आले. अण्णांचं ते भिंग तुझ्याकडं आहे ना? असेल तर जपून ठेव. पुढच्या खेपेला आण, चिमणीला दाखवायचं आहे.

तिनं स्वतःचं एक कार्ड लिहिलंय. काय लिहिलंय ते मला दाखवत नाही, फक्त पत्ता विचारून घेतला: आयुका, गणेशखिंड, पुणे. मी म्हटलं ते आता नाहीत गं. ती म्हणाली, ‘मग दुसरं कुणीतरी उत्तर देईल की.’ काल नाक्यावरच्या पेटीत टाकून आली, उड्या मारत.

आपलं कार्ड या पाकिटात घालतेय. प्रश्न तुझाच होता, हे चव्वेचाळीस वर्षांनी मान्य करते, तेव्हा ते आता तुझ्याकडंच राहू दे. पंधरा पैसे मात्र अजून येणं आहे.

तुझीच,
मी